छोट्या कॅमेऱ्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांना डोळा लावून पाहण्याची सोय, म्हणजे व्ह्यूफाइंडर, नसते, अशी तक्रार करणारी पत्रे या सदराकडे अधूनमधून येत असतात. या अंकासाठी निवडलेली सगळी पत्रे त्याच विषयावरची आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील बराचसा मजकूर इतरांनाही उपयोगी पडणारा आहे.

प्रश्न : माझ्याकडे रिको कंपनीचा जीआर थ्री हा कॅमेरा आहे. आठवडी बाजार आणि चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रा हे माझ्या छायाचित्रणाचे आवडते विषय आहेत. भर दुपारच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही, आणि मला चाळिशी लागलेली असल्याने सावलीतही स्क्रीन पाहण्यासाठी खिशातून चष्मा काढावा लागतो. तोवर समोरचा प्रसंग निघून जातो. हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश लावण्याच्या खाचेवर, बसणारा व्ह्यूफाइंडर घ्यावा असे मनात आहे. तो इलेक्ट्रॉनिक असावा की साधा काचेचा? भिंगावर १८.३ मिलिमीटर असा आकडा आहे, परंतु त्या आकड्याचा व्ह्यूफाइंडर मला कोठेही आढळला नाही. (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग कॅमेऱ्यानेच सोडवलेला आहे. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरच्या आत छोटी स्क्रीन असते, तिला कॅमेऱ्याकडून सतत चित्र मिळावे लागते आणि त्यासाठी हॉट शूजवळ खास जोडणी असावी लागते. ती जीआर थ्रीमध्ये नाही. रिकोने २००७ साली जीएक्स१०० या कॅमेऱ्यासाठी आणि पुढे जीएक्सआरसाठी असे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर काढले होते, पण जीआरच्या मालिकेत ती सोय आली नाही. तेव्हा तुमच्यासाठी काचेचाच व्ह्यूफाइंडर उरतो, आणि तुम्ही ज्या प्रकारची छायाचित्रे काढता ती पाहता यात तुमचे फारसे नुकसान आहे असे मला वाटत नाही.

आकड्याचा घोळ अनेकांचा होतो. भिंगावर कोरलेला १८.३ हा त्याच्या फोकल लेंथचा, म्हणजे भिंग किती रुंद दृश्य घेते ते ठरवणाऱ्या मापाचा, खरा आकडा आहे. व्ह्यूफाइंडरवरचे आकडे मात्र जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीला धरून दिलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्या चौकटीपेक्षा सुमारे दीडपट लहान असल्याने १८.३ला दीडने गुणावे, म्हणजे साधारण २८ हा आकडा मिळतो, आणि २८चाच व्ह्यूफाइंडर तुम्हाला हवा आहे. याच कॅमेऱ्याचे जीआर थ्री एक्स हे भावंड ज्यांच्याकडे आहे, त्यांना त्याच हिशेबाने ४०चा व्ह्यूफाइंडर लागेल.

आता या काचेच्या खिडकीतून काय दिसते आणि काय दिसत नाही, हे खरेदीपूर्वी नीट समजून घ्यावे. तिच्यात समोरचे दृश्य थोडे लहान, परंतु लख्ख दिसते आणि त्यावर एक उजळ चौकट तरंगत असल्यासारखी दिसते. बहुतेक व्ह्यूफाइंडरांत ही चौकट डोळ्याकडच्या बाजूला रेखलेली असते आणि पुढच्या भिंगाच्या अर्धपारदर्शक मुलाम्यावरून परावर्तित होऊन आपल्याला दिसते. दृश्य आणि चौकट ही दोन्ही डोळ्याला एखाद्या मीटरपलीकडे असल्यासारखी भासतात, त्यामुळे ज्याला केवळ जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो त्याला येथे चष्म्याची गरज पडत नाही. तुमच्या दोन्ही अडचणी, ऊन आणि चाळिशी, एवढ्याने सुटतात. चौकटीच्या बाहेरचेही थोडे दिसत असल्यामुळे चित्रात शिरू पाहणारा माणूस, बैलगाडी किंवा पालखीचा दांडा आधीच लक्षात येतो. गर्दीत काम करणाऱ्याला हा लाभ मोठा आहे आणि स्क्रीनवर तो कधीच मिळत नाही.

मात्र या खिडकीचा कॅमेऱ्याशी काडीचाही संबंध नसतो. फोकस कोठे लागला, शटरचा वेग किती आहे, आकाश पांढरे पडणार आहे काय, यांपैकी काहीही ती सांगत नाही. म्हणून तिच्याबरोबर काम करण्याची पद्धत बदलावी लागते. ऑटोफोकस वापरायचाच असेल, तर फोकसचा बिंदू मध्यभागी पक्का करून ठेवावा, बटण अर्धे दाबल्यावर येणारा आवाज चालू ठेवावा आणि तो कानांनी टिपण्याची सवय लावून घ्यावी. त्याहून सोपा मार्ग तुमच्या कॅमेऱ्यात आधीपासून आहे, तो म्हणजे स्नॅप फोकस. बटण एका झटक्यात पूर्ण दाबले, की भिंग आपण ठरवून दिलेल्या अंतरावर जाते आणि चित्र निघते. अंतर २.५ मीटर आणि अपर्चर (भिंगातले प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/८ ठेवल्यास साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे रेखीव येते. दुपारच्या उन्हात एफ/८ला प्रकाशाची काही वानवा नसते. बाजारात तराजू धरलेली बाई असो की जत्रेतला पाळणा असो, या अंतरांत बहुतेक सगळे सामावते. ज्याला फोकसची ही व्यवस्था मान्य नाही, त्याने काचेच्या व्ह्यूफाइंडरवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी मर्यादा पॅरॅलॅक्सची, म्हणजे भिंग एका जागेवरून आणि डोळा दुसऱ्या जागेवरून पाहत असल्याने पडणाऱ्या फरकाची. हॉट शूवरचा व्ह्यूफाइंडर भिंगाच्या मध्यापासून सुमारे पाच सेंटिमीटर वर असतो असे धरू. आडव्या चित्रात २८च्या भिंगाला तीन मीटरवर सुमारे अडीच मीटर उंचीचे दृश्य मिळते आणि त्यात पाच सेंटिमीटर म्हणजे जेमतेम दोन टक्के, जे कोणाच्या लक्षातही येत नाही. एक मीटरवर उंची ८६ सेंटिमीटर उरते आणि फरक सहा टक्क्यांच्या घरात जातो. अर्ध्या मीटरवर तो बारा टक्क्यांच्या आसपास पोहोचतो आणि माणसाचे डोके किंवा पागोट्याचा तुरा बिनदिक्कत कापला जातो. म्हणून जवळच्या विषयाला वरच्या बाजूने हात राखून चौकट धरावी, आणि मीटरभराच्या आत मुकाट्याने स्क्रीनकडे वळावे. कॅमेरा उभा धरल्यावर हाच फरक डावी-उजवीकडे पडतो, हेही विसरू नये.

चौकटीच्या रेषांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. काही चित्रात यायचे राहिले, तर ग्राहक चिडतो. थोडे जास्त आले, तर तो तक्रार करत नाही. हे ओळखून निर्माते चौकट खऱ्या दृश्यापेक्षा थोडी लहानच आखतात. ती किती लहान आहे, हे घरीच पाहता येते आणि व्ह्यूफाइंडर घेतल्यावर पहिल्याच दिवशी ते पाहावे. कॅमेरा तिवईवर ठेवून भिंतीपासून तीन मीटरवर उभा करावा, व्ह्यूफाइंडरमधून पाहत चौकटीचे चार कोपरे जेथे पडतात तेथे घरातल्या कोणाकडून कागदाचे चार तुकडे भिंतीवर चिकटवून घ्यावेत आणि मग छायाचित्र काढावे. चित्राच्या कडा आणि कागद यांच्यामध्ये चारही बाजूंना किती जागा सुटली, ते पाहिले की तुमच्या व्ह्यूफाइंडरचा स्वभाव कळतो. कागद एका अंगाला तिरके सरकलेले दिसले, तर व्ह्यूफाइंडरचा पाय हॉट शूमध्ये सैल बसत आहे असे समजावे. पायाच्या एका कडेला जाड कागदाची बारीक पट्टी लावली की तो सरळ बसतो. तोच प्रयोग मीटरभर अंतरावर पुन्हा केला, तर वर सांगितलेले टक्के प्रत्यक्ष भिंतीवर दिसतील आणि ते आकड्यांपेक्षा चांगले लक्षात राहतील.

आता निवड. रिकोचे स्वतःचे दोन व्ह्यूफाइंडर तुमच्या उपयोगाचे आहेत : जीव्ही-१ मोठा असून त्यात २१ आणि २८ अशा दोन चौकटी आहेत, जीव्ही-२ लहान असून त्यात केवळ २८ची चौकट आहे. २१ची चौकट कॅमेऱ्यापुढे वाइड कन्व्हर्टर, म्हणजे दृश्य आणखी रुंद करणारे जोडभिंग, लावणाऱ्यांसाठी आहे. तुमच्याकडे तो नसेल, तर जीव्ही-१च्या मोठ्या आकाराचा भार उगाच वाहू नये. फोइग्टलेंडर या नावाने मिळणारे २८चे व्ह्यूफाइंडरही उत्तम असतात. हे नाव १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या पेढीचे असले, तरी १९९९पासून या नावाखालचा माल जपानची कोसिना कंपनी बनवते. व्ह्यूफाइंडर काचेचा असल्याने तो कोणत्या कंपनीचा आहे याला महत्त्व नाही. आकडा जुळला आणि पाय बसला की पुरे. तुमच्या जागी मी असतो, तर जीव्ही-२ घेतला असता, कारण जीआर खिशात मावतो हाच त्याचा मोठा गुण आहे आणि त्यावर मोठी वस्तू चढवली की तो गुणच जातो. खिशात घालताना लहान व्ह्यूफाइंडरही निसटून हरवतो, म्हणून त्याला बारीक दोरी बांधण्याची जागा असेल तर ती जरूर बांधावी.

एक गोष्ट मात्र विचारात घ्या. जीआर थ्रीमध्ये अंगचा फ्लॅश नाही. हॉट शूवर व्ह्यूफाइंडर बसला की वेगळा फ्लॅश लावण्याची जागाही जाते. रात्रीच्या छबिन्याची छायाचित्रे फ्लॅशने काढायची असतील, तर व्ह्यूफाइंडर काढूनच ठेवावा लागेल. आणि खरेदीपूर्वी फुकटचा उपायही करून पाहावा : कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये उन्हात पाहण्यासाठी स्क्रीनचा उजेड वाढवण्याची सोय आहे. त्याने उन्हाची अडचण थोडी हलकी होते. चाळिशीची होत नाही.

प्रश्न : मी गोव्यात राहतो आणि घराभोवतीच्या बागेतील फुलपाखरे व कीटक यांची छायाचित्रे पॅनासॉनिक एलएक्स७ या कॅमेऱ्याने काढतो. परिचित छायाचित्रकाराने काचेचा २४चा व्ह्यूफाइंडर सुचवला आहे. तो घ्यावा काय? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : घेऊ नये. वर सातारच्या वाचकांना काचेच्या व्ह्यूफाइंडरच्या ज्या दोन मर्यादा सांगितल्या, त्या दोन्ही तुमच्या विषयात एकदम आडव्या येतात. फुलपाखरू वीत-दीड वितीवर असताना पाच सेंटिमीटरचा फरक म्हणजे चौकटीतले फूल एक आणि चित्रातले दुसरे, असा प्रकार होईल. शिवाय तुमच्या कॅमेऱ्याचे भिंग २४ ते ९० असे झूम होते आणि काचेची चौकट २४वरच अडकलेली राहते. कीटकांच्या छायाचित्रात फोकस केसभर हलला तरी चित्र वाया जाते, आणि तो फोकस काचेत दिसतच नाही.

तुम्हाला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरच हवा, आणि सुदैवाने तुमच्या कॅमेऱ्यात त्याची जोडणी आहे. एलएक्स७साठी डीएमडब्ल्यू-एलव्हीएफ२ हा व्ह्यूफाइंडर आहे. त्यात सुमारे १४.४ लाख बिंदूंचे चित्र दिसते, म्हणजे फोकस पारखण्याइतका तपशील मिळतो. तो वरच्या दिशेला वळवताही येतो, त्यामुळे जमिनीलगतच्या फुलावर कॅमेरा टेकवून वरून खाली पाहता येते, आणि गुडघे न टेकता काम होते ही या वयात लहान गोष्ट नाही. येथे नावातला शेवटचा आकडा काळजीपूर्वक पाहावा. आधीच्या एलएक्स५चा व्ह्यूफाइंडर एलव्हीएफ१ आहे. त्यात सुमारे दोन लाखच बिंदू आहेत आणि तो तुमच्या कॅमेऱ्यावर चालत नाही. जुन्या बाजारात हे दोन्ही शेजारी-शेजारी मांडलेले असतात आणि विक्रेत्यालाही फरक ठाऊक असतोच असे नाही.

हीच गोष्ट सर्व कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरांना लागू आहे. ऑलिंपसचा व्हीएफ-२ किंवा कॅननचा ईव्हीएफ-डीसी१ कितीही चांगला असला, तरी तो ठरावीक कॅमेऱ्यांवरच चालतो. काचेचा व्ह्यूफाइंडर कॅमेरा बदलला तरी हाताशी राहतो. इलेक्ट्रॉनिक मात्र आपल्या कॅमेऱ्याबरोबरच निवृत्त होतो. म्हणून त्याची किंमत ठरवताना तुमचा कॅमेरा आणखी किती वर्षे चालेल याचा अंदाज घ्या. वापरलेला घेत असाल, तर विक्रेत्यासमोर तो स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून चालू करावा, काळे वा सतत पेटलेले ठिपके पाहावेत आणि डोळ्याजवळचे नंबर जुळवण्याचे चाक फिरते आहे याची खात्री करावी. तुमच्याकडच्या दमट हवेत काचांवर बुरशी लवकर धरते. कॅमेऱ्याबरोबर व्ह्यूफाइंडरही हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवत जा.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या सामानात रशियन बनावटीचा एक फिरता व्ह्यूफाइंडर मिळाला. त्यावर २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ असे आकडे आहेत. तो माझ्या रिको जीआर डिजिटल थ्रीवर वापरता येईल काय? कॅमेऱ्याला अपाय तर होणार नाही ना? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वापरता येईल, आणि वापरून पाहावाच. झोर्की, फेड यांसारख्या सोव्हिएत कॅमेऱ्यांसाठी हे व्ह्यूफाइंडर बनत असत. त्याची पुढची चकती फिरवून २८चे भिंग समोर आणले, की तुमच्या कॅमेऱ्याशी आकडा जुळतो. प्रतिमा स्वच्छ असते, जवळच्या विषयासाठी तो किंचित झुकवण्याची सोयही त्यात आहे. मात्र त्यात तरंगती चौकट नसते. जेवढे दिसते तेवढेच चित्र, बाहेरचे काही दिसत नाही. त्याचे वजन आणि बाजूला येणारा आकार छोट्या कॅमेऱ्यावर बेंगरूळ वाटतो, हेही खरे.

तुमच्या कॅमेऱ्याचे चित्र ४:३ प्रमाणाचे असते आणि व्ह्यूफाइंडर ३:२ प्रमाणासाठी आखलेला आहे. त्यामुळे प्रत्यक्ष चित्र दिसते त्यापेक्षा रुंदीला सुमारे चार टक्के कमी आणि उंचीला सुमारे आठ टक्के जास्त निघेल. हा हिशेब डोक्यात ठेवायचा नसेल, तर कॅमेऱ्यातच ३:२ प्रमाण निवडावे.

अपायाविषयी : पाय धातूचा असून तो हॉट शूतील विजेच्या टोकांना टेकतो, म्हणून पायाच्या तळाला चिकटपट्टीचा एक थर द्यावा. पाय घट्ट बसत असेल, तर तो जोर लावून ढकलू नये. कॅमेऱ्याचा शू वाकला, तर त्याची दुरुस्ती व्ह्यूफाइंडरच्या किमतीपेक्षा महाग पडेल. काही कॅमेऱ्यांच्या शूमध्ये लहान खटका असतो आणि तो दाबला गेला की बाहेरचा फ्लॅश लागला असे समजून कॅमेरा अंगचा फ्लॅश बंद करतो. तुमच्याकडे तसे होते आहे काय, ते एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : मला दूरचा उणे पाच नंबर आहे आणि आता प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला आहे. काचेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचे कोपरे दिसतील काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हे हातात घेऊन पाहिल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही, आणि म्हणून तुम्ही तरी हा व्ह्यूफाइंडर केवळ चित्र पाहून मागवू नये. चष्म्याच्या काचेमुळे डोळा व्ह्यूफाइंडरपासून दूर राहतो, आणि डोळ्याकडची काच लहान असेल तर चौकटीच्या कडा दिसेनाशा होतात. येथे मोठा व्ह्यूफाइंडर लहानापेक्षा बहुधा सरस ठरतो. सातारच्या वाचकांना दिलेला सल्ला तुम्हाला लागू नाही. काचेच्या व्ह्यूफाइंडरांत नंबर जुळवण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे उणे पाचच्या डोळ्याला चष्मा काढून चालणार नाही. प्रोग्रेसिव्ह काचेच्या वरच्या, दूरच्या भागातून पाहावे. स्क्रीन पाहण्याच्या सवयीने हनुवटी वर उचलली, की खालचा भाग डोळ्यासमोर येतो आणि सगळेच धूसर दिसते. व्ह्यूफाइंडरची कड उघड्या धातूची असेल तर ती चष्म्याच्या काचेवर ओरखडे पाडते. रबरी कड्याची वा चिकटवता येणाऱ्या मऊ पट्टीची सोय आधी करावी. मुंबईत जाणे होत असेल, तर फोर्टमधील बोरा बाजार परिसरातील कॅमेऱ्यांच्या दुकानांत चौकशी करावी, आणि आपला कॅमेरा व रोजचा चष्मा सोबत न्यावा.

प्रश्न : सोनीच्या पहिल्या आरएक्स१०० या कॅमेऱ्यावर व्ह्यूफाइंडर कसा बसवावा? त्याला हॉट शू दिसत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दिसत नाही, कारण तो नाहीच. काही हौशी लोक कॅमेऱ्याच्या माथ्यावर धातूचा छोटा शू चिकटवतात; पण ज्या कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश माथ्यातून वर उघडतो, त्यावर तो सरळ आणि मध्यावर बसवणे अवघड असते, आणि २८ ते १०० असे झूम होणाऱ्या भिंगाला एकच चौकट दाखवणारी काच अपुरी पडते. याच कॅमेऱ्याच्या पुढच्या आवृत्तीला, २०१३च्या मार्क टूला, शू आहे आणि त्यावर सोनीचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसतो. २०१४च्या मार्क थ्रीपासून मात्र व्ह्यूफाइंडर कॅमेऱ्याच्या आतच आला आणि हवा तेव्हा वर उघडू लागला. मार्क टू आणि वेगळा व्ह्यूफाइंडर यांची वापरलेल्या मालाच्या बाजारातील एकत्रित किंमत काढून ती मार्क थ्रीच्या किमतीशी ताडून पाहावी. दोन्हींत फार फरक नसेल, तर मार्क थ्री घ्यावा. कॅमेरा बदलायचाच नसेल, तर स्क्रीनवर बसवण्याची काळी झडप किंवा डोळा लावून पाहण्याचे भिंग असलेला हूड (स्क्रीनभोवतीचा आडोसा) घ्यावा; तो अवजड असतो, पण दोन्ही बाजूंनी ऊन अडवतो आणि झूम, फोकस, उजेड सगळे जसेच्या तसे दाखवतो.